रोज पहाटे पॉड रीस्टार्ट होतो, सकाळी इव्हेंट्स गायब

रातपाळी:
मंडळी, डोकं आउट झालंय. क्यूबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी, पडले तर परत उभे करणारी सिस्टीम) आमचा एक जावा पॉड (कंटेनरमध्ये चालणारं अ‍ॅप) आहे, रोज पहाटे तीनच्या सुमारास आपटतो आणि आपला आपण परत उभा राहतो, सकाळी गेट पॉड्स मारलं की स्टेटस मस्त रनिंग, फक्त रीस्टार्ट्सच्या रकान्यात आठवड्याचे ७. लॉग्ज बघावे तर ०३:०५ नंतरचेच, गेट इव्हेंट्स (पॉडला काय काय झालं त्याच्या नोंदी) मारलं तर 'नो रिसोर्सेस फाउंड'. ग्राफाना (मॉनिटरिंगचे आलेख) वगैरे काही नाही, जे काय ते टर्मिनलवरच.

लॉगबहाद्दर:
इव्हेंट्स डिफॉल्टला १ तासच टिकतात रे, सकाळपर्यंत कुठले राहायला. आणि तू बघतोयस ते नव्या कंटेनरचे लॉग्ज, मेलेल्याचे हवे असतील तर क्यूबसीटीएल लॉग्ज या कमांडला डॅश डॅश प्रीव्हियस लाव. मग डिस्क्राइब पॉड मार आणि त्यात 'लास्ट स्टेट' वाच, ते पॉडच्या स्टेटसमध्येच असतं त्यामुळे तासानंतरही सापडतं. तोवर पॉड डिलीट करू नकोस म्हणजे झालं.

रातपाळी:
रीझन एरर, एक्झिट कोड १३७. म्हणजे मेमरीच ना? मेमरीचं लिमिट वाढवू का?

जुनाखोड:
थांब जरा!! १३७ म्हणजे १२८ अधिक ९, सिगकिल (प्रोसेसला जबरदस्तीने मारणारा सिग्नल, नंबर ९) बसला एवढंच कळतं. मेमरीने गेला असता तर रीझनला सहसा ओओएमकिल्ड (आउट ऑफ मेमरी) दिसलं असतं. मला लाइव्हनेस प्रोबचा (अ‍ॅप जिवंत आहे का हे ठराविक वेळाने बघणारा हेल्थ चेक) वास येतोय. प्रोब फेल झाला की क्यूबलेट (मशीनवर पॉड सांभाळणारा एजंट) आधी सिगटर्म ('नीट बंद हो' असा सिग्नल) देतो, ३० सेकंदांत नाही आवरलं तर सिगकिल. सिगटर्मवरच निमूट गेला असता तर जावाचा एक्झिट कोड १४३ आला असता. आज टीमक्समध्ये (तू लॉगआउट झालास तरी चालू राहणारं टर्मिनल) गेट इव्हेंट्स डॅश डॅश वॉच लावून आउटपुट फाइलमध्ये वळव आणि झोप. नेमस्पेस (क्लस्टरमधला तुमच्या पॉडचा कप्पा) द्यायला विसरू नको, नाहीतर रात्रभर डिफॉल्टवर पहारा देशील.

रातपाळी:
सापडलं! ०३:०४ ला 'अनहेल्दी', १० सेकंदांच्या अंतराने तीनदा, मग 'किलिंग'. तीनला रिपोर्टचा जॉब सुटतो, तो डेटाबेसची सगळी कनेक्शन्स खाऊन बसतो आणि आमचा हेल्थ चेक पण तिथेच रांगेत उभा. वर प्रोबचा टाइमआउट कोणी दिलाच नव्हता, म्हणजे डिफॉल्ट १ सेकंद. शटडाउन पण जॉब संपायची वाट बघत अडकलेलं. हेल्थ चेकमधून डेटाबेस काढतोय, टाइमआउट ५ सेकंद.

जुनाखोड:
आणि लिमिट?

रातपाळी:
हात पण नाही लावला 😄