कांदा निर्यातबंदी: डावी की उजवी?

चौकस
सरकारने हस्तक्षेप करावा म्हणणारे डावे आणि बाजार मोकळा सोडा म्हणणारे उजवे, असं ढोबळमानाने सांगतात. मग डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी कुठे बसवायची? केंद्रात सरकार उजव्यांचं. बंदी उठवा म्हणणाऱ्यांत डावी किसान सभा होती, तशीच खुल्या बाजाराची कट्टर समर्थक शेतकरी संघटनाही. ही व्याख्या नेमकी कुठे फसते?

उंटावरचा शहाणा
दोन निराळे प्रश्न एकाच रेषेवर मांडले की फसते. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधक डावीकडे. तो वाद राजसत्तेचा होता, बाजारभावाचा नाही. मजुरी, मालमत्ता, भाव हे सगळं मागाहून त्याला चिकटलं.

आपल्याकडे ‘उजवे’ म्हणजे बहुतेक वेळा धर्म, राष्ट्र, परंपरा. अर्थकारणात ते उजवेच असतील असं मुळीच नाही. संघ परिवारातले भारतीय मजदूर संघ (कामगार संघटना, १९५५) आणि स्वदेशी जागरण मंच (१९९१) दोन्ही दत्तोपंत ठेंगडींच्या पुढाकाराने उभे राहिले. सरकारी कंपन्या विकायला आणि परकीय भांडवलाला मोकळं रान द्यायला या दोघांचा विरोध. याउलट शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं उघड समर्थन केलं. आर्थिक उजवे शोधायचे तर राजाजी-मसानींचा १९५९ चा स्वतंत्र पक्ष बघा, आणि महाराष्ट्रात शेतकरी संघटना.

सातबारा
मागणी एकच दिसली तरी ‘बंदी उठल्यावर पुढे काय?’ हे विचारा, लगेच फाटा दिसतो. किसान सभा म्हणते, उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभावाला कायद्याचं बळ द्या, सरकारने खरेदीत उतरावं. शेतकरी संघटना म्हणते, जीवनावश्यक वस्तू कायदा (ज्याखाली सरकार साठ्यावर मर्यादा घालतं) आणि कमाल जमीनधारणा कायदा रद्द करा, बाकी आमचं आम्ही बघू. म्हणून तर शेतमालाचा बाजार खुला करू पाहणाऱ्या २०२० च्या कृषी कायद्यांवर पहिली विरोधात गेली आणि दुसरी बाजूने.

पक्षाची पाटी वाचत बसण्यापेक्षा एकेक निर्णय घ्या आणि तीन गोष्टी तपासा: भाव कोण ठरवतं, तोटा कोणाच्या अंगावर येतो, आणि मजुराला मालकापुढे ‘नाही’ म्हणता येतं का. निर्यातबंदीत भाव सरकार पाडतं आणि तोटा उत्पादकाच्या माथी. पण या हस्तक्षेपाला डावा म्हणू नका. गरीब ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा तर तिजोरीतून अनुदान देता येतं. इथे ते अनुदान लासलगावच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातं, अर्थसंकल्पात त्याची नोंदही होत नाही. ही निव्वळ निवडणुकीची सोय आहे, तिला विचारसरणी चिकटवायचं कारण नाही.

पोटकलम
सातबारा यांच्याशी सहमत, एका तांत्रिक भरीसह. सप्टेंबर २०२० मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती संसदेत मंजूर होत होती. फळं-भाज्यांचे किरकोळ भाव १०० टक्के वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही, अशी अट त्यात होती. त्याच महिन्याच्या १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली! दोन्हीत कायदेशीर विसंगती नाही, कारण निर्यातबंदी येते १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. त्याला ही दुरुस्ती लागूच नव्हती. पुढे ऑक्टोबरमध्ये साठामर्यादाही आलीच: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २.

चौकस
मग तिजोरीतून खर्च करणाऱ्या खऱ्या डाव्या धोरणाचं आपल्याकडचं उदाहरण कोणतं?

सातबारा
महाराष्ट्राची रोजगार हमी. वि. स. पागे यांची योजना, १९७७ चा कायदा, मागेल त्याला काम. पैसा उभा करायला १९७५ पासून व्यवसाय कर. पगारपत्रकावर दरमहा कापला जातो तोच. म्हणजे शहरातल्या पगारदाराकडून घेऊन गावातल्या मजुराला द्यायचं, आणि तेही उघड हिशेबात. हे सगळं काँग्रेसच्या राजवटीत आखलं गेलं, डाव्या पक्षाच्या नव्हे.

उंटावरचा शहाणा
अवांतर: भाजपने १९८० मध्ये स्थापनेच्या वेळी ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला होता. आर्थिक बाजूला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.