आयपी फोनवर समोरच्याचा आवाज येत नाही, आलेला कॉल अर्ध्या मिनिटात तुटतो: राउटरमध्ये नेमकं काय बदलायचं?

टॉवेल_जुळेसोलापूर

मंडळी, जुळे सोलापुरात घरातच ऑफिस आहे, टेरी टॉवेलचा माल बाहेर जातो. दुबईच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप कॉल लावता येत नाही, तिकडे बंद आहे. म्हणून सिप नंबर (इंटरनेटवरून चालणारा फोन नंबर) घेतलाय आणि टेबलावर आयपी फोन ठेवलाय. जोडणी अशी: फायबर, कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो डबा), त्याच्या मागे आमचा स्वतःचा वायफाय राउटर आणि राउटरला वायरने फोन. ओएनटीची फायरवॉल 'हाय'वर आहे.

त्रास असे आहेत. फोन रजिस्टर झालेला दिसतो, बाहेर कॉल लागतो, आमचा आवाज त्यांना जातो पण त्यांचा आम्हाला येत नाही. आलेला कॉल उचलला की साधारण अर्ध्या मिनिटात कट. आणि फोन थोडा वेळ गप्प राहिला की येणारे कॉल वाजतच नाहीत. आपण एक कॉल बाहेर लावला की मग परत वाजायला लागतात.

तेच खातं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झकास चालतं. स्पीड १०० एमबीपीएस. याच वायफायवर मुंबईशी व्हॉट्सॲप कॉल एकदम क्लिअर. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "नेट चालू आहे ना सर?" कुठलं पोर्ट उघडू, सांगा की ओ.

पॅकेट_वाचक

पोर्ट उघडायची घाई नको. लक्षणं नीट लिहिलीत, त्यातूनच बरंच कळतंय.

सिपच्या कॉलमध्ये दोन वेगळ्या वाटा असतात. बोलणी ठरवणारे निरोप, म्हणजे रिंग, उचलला, ठेवला, हे बहुतेक यूडीपी ५०६० वरून जातात (यूडीपी ही पॅकेट पाठवायची पद्धत, ५०६० हा पोर्ट नंबर). आवाज आरटीपीने (आवाजाची पॅकेटं नेण्याची पद्धत), दुसऱ्याच पोर्टवरून जातो. सेवेनुसार ही रेंज बदलते, १०००० ते २०००० बऱ्याच ठिकाणी दिसते. आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता निरोपाच्या आत लिहिलेला असतो, आणि तुमचा फोन तिथे स्वतःचा घरातला पत्ता लिहितो, १९२.१६८ वाला. तो बाहेरच्या जगात कुठेच पोचत नाही.

तुमचा आवाज त्यांना जातोय, म्हणजे फायरवॉल 'हाय'वर असूनही बाहेर जाणारी वाट मोकळी आहे. अडतंय ते परत येताना. स्पीडचा तर संबंधच नाही: जी.७११ कोडेकला (कोडेक म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत) सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येक हेडरसकट २०० बाइट, म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस.

अर्ध्या मिनिटाचं कोडं सर्वात सोपं. घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद भरतील. फोन उचलला की तुमचा फोन '२०० ओके' पाठवतो आणि समोरून 'ॲक'ची, म्हणजे पोचपावतीची, वाट बघतो. तो ॲक चुकीच्या पत्त्यावर जातो. फोन ओके परत परत पाठवतो आणि सिपच्या नियमातली मुदत संपली की कॉल सोडून देतो. ती मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणून ३२. इतका नेमका आकडा आला की लाइन किंवा हँडसेट खराब असल्याची शंका सोडून द्यायची.

तिसरा त्रास यूडीपीच्या टाइमआउटचा. बाहेरून आलेलं पॅकेट घरातल्या कुठल्या यंत्राला द्यायचं याला नॅट म्हणतात, आणि राउटर यूडीपीची ही नोंद थोडाच वेळ धरून ठेवतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत उत्तर न आलेल्या प्रवाहाला ३० सेकंद आणि दुतर्फा चालू असलेल्याला २ ते ३ मिनिटं. तुमचा फोन दर ३६०० सेकंदांनी रजिस्टर होत असेल तर मधला सगळा वेळ दार बंद. फोनच्या वेब पानावर 'नॅट कीप-अलाइव्ह' (नोंद जिवंत ठेवायला मधूनमधून जाणारं छोटं पॅकेट) चालू करून २० सेकंद ठेवा. हे आत्ताच करून टाका, यात बिघडण्यासारखं काही नाही.

सातरस्ता_नेटवर्क

सरळ ओएनटीत डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच यंत्राकडे सोडणं) चालू करा आणि फोनचा आयपी टाका. पाच मिनिटांचं काम.

पॅकेट_वाचक

डीएमझेड अजिबात नको. ५०६० उघडं दिसलं की जगभरचे स्कॅनर त्याच दिवशी दार वाजवायला लागतात. रात्री दोनला फोन वाजतो, नंबर दिसतो १०० किंवा १०००, उचलला तर शांतता. फोनच्या ॲडमिनचा पासवर्ड बदललेला नसेल तर तुमच्या खात्यावरून परदेशी कॉल लागून बिल तुमच्या नावावर. शिवाय त्यांच्याकडे ओएनटीच्या मागे दुसरा राउटर आहे. ओएनटीला फोनचा आयपी दिसतच नाही, डीएमझेड लावणार कुणाला?

रजिस्टर होणाऱ्या फोनला आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. आधी पुढची चाचणी करा.

तुमच्या सिप सेवेकडे ५०६० सोडून दुसरं पोर्ट आहे का विचारा, ५०८० किंवा टीएलएससाठी ५०६१. फोनमध्ये फक्त तेवढंच बदला. त्रास गेला तर दोषी सिप एएलजी. ही राउटरमधली 'मदत' असते: ५०६० वरचे निरोप उघडून आतले पत्ते बदलते. अर्धवट बदलते हा खरा त्रास. सर्व्हरला घरातला पत्ता तसाच दिसला असता तर त्याने ओळखलं असतं की हा राउटरमागे आहे, आणि आवाज जिथून आला तिथेच परत पाठवला असता. एएलजी तिथे बाहेरचा पत्ता लिहितो, त्यासाठीचं पोर्ट मात्र नीट उघडत नाही. सर्व्हर लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो आणि आवाज भिंतीवर आपटतो. टीएलएसमध्ये मजकूर कूटबद्ध असल्यामुळे त्याला हात घालता येत नाही. व्हॉट्सॲप चालतं त्याचंही एक कारण हेच.

ओएनटी_मेकॅनिक

वरच्याला दुजोरा. एएलजी बंद करायची जागा: ओएनटीत 'सिक्युरिटी' किंवा 'ॲप्लिकेशन'खाली एएलजीचं पान असतं, एफटीपी, आरटीएसपी, एच.३२३, सिप अशा नावांपुढे टिक. फक्त सिपची काढा. मायक्रोटिकमध्ये आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स इथे सिप डिसेबल. ओपनडब्ल्यूआरटीत 'एनएफ नॅट सिप' हे मॉड्यूल लोड झालं असेल तरच काढायचं. दोन्ही डब्यांत बघा, कारण एकात बंद आणि दुसऱ्यात चालू ही नेहमीची गंमत. सेव्ह केल्यावर ओएनटी, राउटर आणि फोन तिन्ही रीस्टार्ट करा. जुन्या नोंदी मेमरीत राहिल्या तर वाटतं की काही फरकच पडला नाही.

मग राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर दुहेरी नॅट आहे. सोपा उपाय: तुमच्या राउटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, त्याला ओएनटीच्या रेंजमधला मोकळा आयपी द्या आणि ओएनटीची वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. वायफाय तसंच राहतं, नॅट एकच उरतं. ओएनटी ब्रिजवर (त्याचं नॅट बंद, नेट सरळ राउटरला) टाकायचा असेल तर पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटला लॉगिन करायची पद्धत) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर कंपनीकडून आधी घ्या, नाहीतर नेटच जाईल.

ओएनटीचा स्वतःचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पुढे कंपनीचंही नॅट आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग शून्य. कीप-अलाइव्ह मात्र चालतं.

टॉवेल_जुळेसोलापूर

५०८० वर टाकल्यावर आवाज दोन्हीकडून यायला लागला, कॉलही तुटत नाही. एएलजी ओएनटीत चालू होतं, राउटरमध्ये तसा पर्यायच दिसत नाही. राउटर लॅनवर घेतला. कीप-अलाइव्ह २० केलं.

एक राहिलंय. लाइट जाऊन आली की येणारे कॉल कधीकधी तासभर वाजत नाहीत. फोन इन्व्हर्टरवर आहे, त्यावर 'रजिस्टर्ड' दिसतं. आणि फोनमध्ये स्टन नावाचा पर्याय आहे, तो लावू का?

ओएनटी_मेकॅनिक

ओएनटी इन्व्हर्टरवर नाही, बरोबर ना? लाइट गेली की ओएनटी बंद, नोंदी पुसल्या. परत आला की बहुधा नवा आयपी मिळतो. फोन मात्र बंदच झाला नव्हता, त्याच्या हिशेबाने तासाभराचं रजिस्ट्रेशन शाबूत आहे. सर्व्हर जुन्या पत्त्यावर कॉल पाठवत बसतो. फोनमध्ये 'रजिस्टर एक्स्पायरी' ३६०० ची ३०० करा. सेवा कमीत कमी किती चालवते ते विचारून मग. ओएनटीला छोटा डीसी यूपीएस लावा, अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळवून आणि अँपिअर तितके किंवा जास्त. पिन आत-बाहेर कुठल्या ध्रुवाची तेही बघा.

पॅकेट_वाचक

स्टन (फोनने आपला बाहेरचा पत्ता स्वतः शोधून लिहिणं) बंदच ठेवा. तुमचा सर्व्हर आवाज आला तिथेच परत पाठवतोय, हे ५०८० वर दिसलंच. एएलजी, स्टन आणि सर्व्हर हे तीन वैद्य एकाच रोग्याला औषध द्यायला लागले की रोग कुणाचा ते कळत नाही.

उद्या रजिस्टर होतंय पण बाहेर कॉलच लागत नाही असं झालं, तर फोनमधल्या कोडेकची यादी बघा. आठ-दहा कोडेक चालू असले की कॉलचा पहिला निरोप फुगतो. पीपीपीओईवर एका पॅकेटची मर्यादा साधारण १४९२ बाइट, त्यापुढे त्याचे तुकडे होतात आणि काही फायरवॉल तुकडे टाकून देतात. रजिस्टरचा निरोप छोटा, म्हणून तो सुखरूप जातो. जी.७११ ए-लॉ आणि जी.७२९ एवढेच ठेवा. तरी अडलं तर ट्रान्सपोर्ट यूडीपीवरून टीसीपीवर न्या.