मदत हवी आहे : किनाऱ्यावर जखमी समुद्रपक्षी सापडलाय, सकाळपर्यंत कसा जपू?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याहून लिहितेय. पाऊस मी म्हणतोय, लाईट कधीही जाईल, म्हणून घाईघाईत लिहिते. पक्ष्यांवर उपचार केल्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लगेच सांगा.

आज अमावास्येचं उधाण होतं. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर माझा मुलगा सुरूच्या बनात वाहून आलेली लाकडं गोळा करायला गेला आणि पाचच मिनिटांत धापा टाकत परत आला. सुरूच्या मुळाशी एक मोठा पांढरा पक्षी बसलेला, आणि समोर गावातले दोन कुत्रे. मी तशीच धावत गेले. कुत्रे हाकलले तरी पक्षी जागचा हलेना. पंख उघडायला बघत होता, पण डावा पंख वाळूवर लोळत होता. त्या पंखाला सांध्यापाशी तंगूस (मासे गरवायचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, दोन-तीन वेढे, आणि कातडीत रुतून रक्त आलेलं. गरी (गळाचा आकडा) दिसली नाही, पण पिसांच्या आत असली तर मला कळलं नसेल.

पक्षी बदकापेक्षा बराच मोठा आहे. अंग पांढरं, पंखांच्या कडा काळ्या, चोच लांब आणि टोकदार, चोचीच्या मुळाशी काळा पट्टा. मुलगा म्हणतो कुरव आहे. मला तसं वाटत नाही. कुरव मी हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी थव्यांनी बघितलेत, ते एवढे मोठे नसतात, आणि ऐन पावसाळ्यात इथे दिसतही नाहीत.

किनाऱ्यावर चार माणसं जमली. सगळ्यांचं एकच म्हणणं, समुद्राचं पाखरू आहे, समुद्रात सोडा, तिथेच ते जगेल. शेजारचे तांडेल काका तेवढे म्हणाले, "वहिनी, ह्यो किनाऱ्याचा पक्षी न्हाय. लांब खोल पाण्यात जातो तवा दिसतो. ह्यो हितं आला म्हंजे त्याची ताकद संपली." पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे त्यांची होडी वर ओढून ठेवलेली आहे, तिथलंच गोणपाट त्यांनी आणून दिलं. ते पक्ष्यावर टाकून आम्ही त्याला घरी आणला. आणताना त्याने माझ्या मनगटावर चोच मारली, बऱ्यापैकी कापलंय. धुऊन घेतलंय.

आता तो पडवीत कोंबड्यांच्या डालग्याखाली आहे. वाटीत पाणी ठेवलं, पीत नाही. सासूबाईंनी भात कालवून ठेवला, त्याकडे बघतही नाही. मासा म्हणाल तर फ्रीजरमध्ये चार बांगडे आहेत. जखमेवर मी थोडी हळद दाबली. खोबरेल तेलात कालवून लावू का? घरात दुखण्यावरच्या गोळ्या आहेत, त्यातली पाव गोळी दिली तर चालेल? आणि तंगूस आत्ता कापू की तसाच ठेवू? वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला, उचलला कोणी नाही. रात्रीचे साडेआठ झालेत. हा उद्या सकाळी जिवंत असावा एवढंच मला हवंय.

प्रतिसाद (पशुवैद्यक, रत्नागिरी)

ताई, तेल लावू नका. एक थेंबही नको. समुद्रपक्ष्याच्या पिसांची वीण हाच त्याचा रेनकोट असतो. तेल, मलम, साबण यातलं काहीही लागलं की ती वीण बिघडते, पाणी थेट कातडीपर्यंत जातं आणि पंख बरा होऊनही पक्षी समुद्रात गारठून मरतो. हळद लावलीत ती राहू द्या, पुसत बसू नका.

गोळीही नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या पक्ष्यांना कशा लागू पडतील ते सांगता येत नाही. आपल्या देशातली गिधाडं डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानेच गेली. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं, आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

आता आधी त्याला डालग्यातून काढा. डालग्याच्या फटींत पिसं अडकून मोडतात, शिवाय कोंबड्यांच्या वस्तूंपासून रानपक्षी लांबच ठेवायचा, दोघांचे आजार एकमेकांना लागतात. मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाशी जुना टॉवेल जाडसर घडी करून घाला. दुसरा टॉवेल गुंडाळून चुंबळीसारखी गोल करा आणि त्यावर त्याची छाती टेकू द्या. हे पक्षी कठीण जमिनीवर बसायला घडलेलेच नाहीत, छातीचं हाड घासून एका दिवसात जखम होते. खोक्याच्या एकाच बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे नकोसं झालं तर त्याला सरकता येईल. चुलीजवळ ठेवू नका, धूर बाधतो. झाकण लावा, अंधार करा, आणि घरातल्या सगळ्यांना त्या खोलीबाहेर काढा. टीव्ही बंद.

खायला-प्यायला आज काही नाही. गारठलेल्या, दमलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम मोडायचा नाही.

तंगूस : लोंबणारं टोक कात्रीने कापा, म्हणजे तो कशात अडकणार नाही. कातडीत रुतलेला भाग ओढू नका. पकडताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वरखाली झालं तरच हवा आत जाते. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

प्रतिसाद (देवबाग, मालवण)

ताई, पाण्यात सोडू नकात हां. गेल्या पावसात आमका असोच एक गावललो. पोरांनी तेका पाण्यात सोडल्यानी, लाटेन परत भायर टाकल्यान. परत सोडल्यानी, परत भायर. तिसऱ्या खेपेक तो मेलो. मी थयच उभो होतंय, आणि आडवलंय नाय. तेवा तुमी आणलास ता बरा केलास.

प्रतिसाद (पक्षीनिरीक्षक, अलिबाग)

वर्णनावरून मास्क्ड बुबी वाटतो. खात्री करायची तर पाय बघा. कुरवाच्या पुढच्या तीन बोटांनाच पडदा असतो, बुबीच्या चारही बोटांना, मागच्याही बोटाला, एकच सलग पडदा असतो. चोचीच्या कडेला बारीक करवतीसारखे दाते असतील, तुमचं मनगट त्यानेच कापलं असणार.

बुबी असेल तर एक फार महत्त्वाची गोष्ट. चावतो म्हणून चोच दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधू नका. या पक्ष्याला चोचीवर नाकपुड्या नसतात. हवेतून सूर मारून मासे पकडतो, पाणी नाकात शिरू नये म्हणून त्या बंद झाल्या आहेत. श्वास घेतो तो चोचीच्या कोपऱ्यातून. चोच घट्ट बांधली की श्वास संपला. चांगल्या मनाने मदत करणाऱ्यांच्या हातूनही हे होतं. आणि त्याच्याजवळ जाताना चष्मा लावा, हे पक्षी डोळ्यावर नेम धरतात.

हा पक्षी अरबस्तानाच्या बाजूच्या बेटांवर घरटी करतो, बाकीचं आयुष्य खुल्या समुद्रावर. नैऋत्य मोसमी वाऱ्यात थकलेले बुबी दर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतात. तुमचे तांडेल काका बरोबर बोलले.

धागाकर्ती, रात्री 10:50

सगळ्यांचे मनापासून आभार. बाकी काय लिहू, हात थरथरतायत.

पाय बघितले. चारही बोटं पडद्याने जोडलेली आहेत. बुबीच.

चोच बांधायचं माझ्या मनात होतं. खरंच होतं. मनगट कापल्यावर सासऱ्यांनी सुतळी आणून ठेवली होती आणि तुमचा प्रतिसाद दहा मिनिटं उशिरा आला असता तर मी बांधलीच असती. ती सुतळी आता समोर पडलीय, तिच्याकडे बघवत नाही.

टीव्हीच्या खोक्यात त्याला माजघराच्या कोपऱ्यात ठेवलाय. चुंबळ केली. तंगुसाचं लोंबतं टोक कापलं, वीतभर निघालं. आत बारीक गरी आहे, टॉर्चच्या उजेडात चमकली. हात लावला नाही. मुलाने खोकं हलक्या हाताने धरलं आणि कापेपर्यंत एक शब्द बोलला नाही, एरवी हा मुलगा दोन मिनिटं गप्प बसत नाही.

एक विचारायचंय. मधूनच त्याच्या गळ्याखालची कातडी भरभर थरथरते. ही थंडी का?

प्रतिसाद (पशुवैद्यक, रत्नागिरी)

नाही, उकाडा. असा गळा हलवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. बाटली काढा, अर्ध्या तासाने अंग थंड वाटलं तर परत ठेवा. आणि दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघू नका, ताई. काळजीपोटीच बघता हे कळतं, पण त्याच्या लेखी प्रत्येक वेळी डोकावणारा चेहरा म्हणजे शिकारी.

प्रतिसाद

आता जगला तर घरीच ठेवा की पंख बरा होईपर्यंत. रोज दोन बांगडे, काय अवघड आहे?

प्रतिसाद (पक्षीनिरीक्षक, अलिबाग)

तसं करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी घरात पाळता येत नाही. जखमी पक्ष्याचा जीव वाचवायला उचलला तर कोणी नाव ठेवणार नाही, पण तो लवकरात लवकर वनविभागाच्या हाती द्यायचा. कायदा बाजूला ठेवला तरी गरी काढायला भूल लागते, पंखाचं हाड मोडलंय का ते क्ष-किरणाशिवाय कळत नाही. ताई, कार्यालयात फोन उचलत नसतील तर 1926 लावा, वनविभागाचा तो क्रमांक रात्रीही चालू असतो. पक्षी सापडल्याची वेळ आणि नेमकी जागा लिहून ठेवा. आणि तुमच्या गावात कासवमित्र असतीलच, त्यांची वनखात्याशी रोजची ओळख असते, आत्ता उठवलंत तरी ते रागावणार नाहीत.

धागाकर्ती, सकाळी 6:15

जिवंत आहे.

रात्री दीडला लाईट गेली, पहाटे आली. 1926 लागला, त्यांनी सगळं लिहून घेतलं. रात्रीच कासवमित्रांपैकी एकाला फोन केला होता. ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांवर हिवाळ्यात रात्ररात्र जागणारी ही मुलं, त्याने नुसतं "काकी, सहाला गाडी घेऊन येतो" एवढंच म्हटलं. तो आत्ता दारात उभा आहे. दापोलीला नेतोय. मुलाला शाळा आहे, पण मी त्याला सोबत घेतेय.

निघताना खोक्याच्या भोकातून बघितलं, एकदाच. मान वर धरून बसला होता. काल मान पंखात खुपसलेली होती.

धागाकर्ती, तीन दिवसांनी

उशीर झाला लिहायला, माफ करा. वनपालांनी पक्षी ताब्यात घेऊन पुढे उपचारांसाठी पाठवला. गरी निघाली. हाड मोडलेलं नाही, तंगुसामुळे स्नायू कापला गेलाय. पहिला दिवस नळीने पाणी आणि क्षार दिले, काल पहिल्यांदा त्याने अख्खी तारली गिळली, डोक्याकडून. मासा नेहमी डोक्याकडून द्यायचा असतो, नाहीतर काटे आणि कल्ले घशात अडकतात, हेही तिथेच कळलं.

त्यांनी सांगितलं की पंख भरून आला आणि पिसं पाणी धरेनाशी झाली तरच त्याला सोडता येईल, आणि तेही समुद्र निवळल्यावर. किनाऱ्यावरून नाही, आत नेऊन.

तांडेल काकांना हे सांगितलं तर ते तंगूस हातात धरून बराच वेळ बसले. तंगूस आमच्याच कोणाचा तरी असणार, म्हणाले. आमच्याकडे पोरं खडकांवर गरवायला बसतात, गुंता झाला की कापून तिथेच टाकतात. माझाही मुलगा टाकतो. काल तो डबा घेऊन खडकांवर गेला आणि संध्याकाळपर्यंत अर्धा डबा भरून तंगूस घेऊन आला.

आता दुसरी मदत मागते. नारळी पौर्णिमेनंतर आमच्या काकांची होडी जाईल, पण ती लहान आहे, खाडीच्या तोंडापासून फार लांब नेत नाहीत. हर्णै किंवा दाभोळहून मोठी बोट घेऊन खोल पाण्यात जाणारं कोणी इथे वाचत असेल, आणि वनखात्याने कळवल्यावर एक खोकं आणि एक माणूस सोबत न्यायची तयारी असेल, तर कृपया खाली लिहा. डिझेलमधला आमचा वाटा आम्ही देऊ.