खाडीचा फाटा मोकळा करायला पैसा कुठे मागायचा?

कालावलीकाठ:
नमस्कार. मी मालवण तालुक्यातली. कालावली खाडीचा एक फाटा आमच्या वाडीमागून आत शिरतो. शिरायचा, असं म्हणायला हवं. बाबा तिथे पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायचे. बोय, काळुंदरं, कधी तांबोशी, तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) मुळांत कुर्ल्या. आई आणि वाडीतल्या बायका ओहोटीला टोपल्या घेऊन चिखलातले मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जायच्या.

सहा वर्षांपूर्वी फाट्यावरून रस्ता गेला. भराव घातला आणि खाली एकच नळ टाकला, तोही तळापेक्षा गुडघाभर वर. उधाणाला थोडं पाणी आत येतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, काहीच नाही. आतला चिखल काळा पडलाय, वास मारतो. तिवरं उभ्या उभ्या वाळली. बाबांचा पाग खुंटीला लटकलाय, तो बघवत नाही.

गेल्या वर्षी बाहेरून काही मंडळी कांदळवन लावायला आली. हजारेक रोपं लावली कुठे, तर जिथे मुळे मिळतात त्याच उघड्या चिखलात! पावसाआधीच बहुतेक मेली. सरपंच म्हणतात, नळाऐवजी रस्त्याखालून पाणी जायला स्लॅबची मोरी बांधायची तर दहा-बारा लाख लागतील आणि ग्रामपंचायतीकडे तेवढे नाहीत. रोपं लावायला पैसे देणारे भेटतात, पाणी मोकळं करायला कोण देतं? कुणी असं काम करून घेतलं असेल तर सांगा.

मांडवीची:
ताई, मी वेंगुर्ल्याची. शासनाची 2017 पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आहे. गावात सहव्यवस्थापन समिती होते, गटाने प्रकल्प केला तर 90 टक्के शासन देतं, 10 टक्के गटाने घालायचे. खेकडापालन, कालवपालन, शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार), जिताडा मासा, पर्यटन अशी कामं त्यात बसतात. आमच्याकडे मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, ते तुम्ही ऐकलं असेल.

पण स्पष्ट सांगते, तो पैसा उपजीविकेचा, मोरीचा नव्हे. आणि पाणीच खेळत नसेल तर पिंजऱ्यातल्या कुर्ल्या जगायच्या नाहीत. तरी समिती आधी करा. समितीचा कागद हातात असला की वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडे तुमचं म्हणणं गावाचं म्हणून जातं, एकट्या बाईचं म्हणून नाही.

निवृत्त अभियंता:
आयुष्यभर मोऱ्याच बांधल्या, म्हणून लिहितो. पहिलं काम म्हणजे रस्ता कुणाच्या वहीत आहे ते काढा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषद, त्यावरचा असेल तर बहुधा सार्वजनिक बांधकाम. ज्याचा रस्ता त्याची मोरी. नळमोरी अपुरी आहे म्हणून ती बदलायची, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावासह त्यांच्याकडे करा आणि प्रत जिल्हा नियोजन समितीला द्या. ‘मासे वाचवा’ या शीर्षाखाली पैसा शोधत बसलात तर वर्षं जातील. ‘मोरी दुरुस्ती’ला अंदाजपत्रकात जागा असते.

मागणीला मोजमाप जोडा. भरावाच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब रोवून त्यावर फूट-इंच रंगवा. पुनवेच्या आणि अमावास्येच्या उधाणाला दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी लिहा, फोटो घ्या. मधल्या भांगाचंही लिहा. बाहेर चार फूट आणि आत अर्धा फूट, असं कागदावर दिसलं की वाद संपतो. नव्या मोरीचा तळ फाट्याच्या तळाइतका खोल हवा, हे ठरावातच लिहून घ्या. नाहीतर रुंद मोरी होईल आणि तीही उंचावर.

जेसीबी मात्र स्वतःहून लावू नका. कांदळवन म्हणजे सीआरझेड-1, किनारा नियमनातला सगळ्यांत कडक वर्ग, भोवतालचे 50 मीटरही बहुतेकदा त्यात येतात. कांदळवन तोडण्याविरुद्धचा मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल कडक आहे. परवानगी लागेलच, आणि ती बांधकाम खात्याने मागायची.

रोपांबद्दल तुमचं बरोबर आहे. तामिळनाडूत पिचावरमला स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वन खात्याबरोबर आधी माशाच्या काट्यासारखे चर खणले, भरतीचं पाणी आत नेलं, मग झाडं धरली. पाणी नीट आलं की तिवराचं बी बरेचदा स्वतःच येऊन रुजतं.

दिवाडकर:
आमच्या गोव्यात खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीला, मानस असते, म्हणजे लाकडी दारांची उघाडी. ओहोटीला दारं आपोआप उघडतात, भरतीला मिटतात. मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी (लिलाव) व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. मोरी एकदा बांधून मिळेल हो, पण दर पावसाळ्यानंतर तिच्या तोंडातला गाळ कोण काढणार? त्यासाठी वाडीचाच पैसा उभा करा. पण धोकाही सांगतो. आमच्याकडे पुढे माशाचा पैसा भातापेक्षा मोठा झाला, लोक दारं उघडी ठेवू लागले आणि शेतात खारं पाणी शिरलं. तुमच्या फाट्याच्या वरच्या अंगाला शेती असेल तर त्या कुटुंबांना पहिल्या बैठकीलाच बोलवा.

कालावलीकाठ:
सगळ्यांचे आभार. वरच्या अंगाला चार घरांची शेती आहे, त्यांचा विचार मी केलाच नव्हता. उद्या त्यांच्याकडे जाते. दिवाडकर काका, गाळासाठी मुळ्यांच्या टोपलीमागे पाच रुपये काढायला बायका तयार होतील, आईशी बोलले. खांबांना माडाचे वासे चालतील का, की लोखंडी पाइप लागतील? पुनव आठ दिवसांवर आलीय, आणि खांब कुठे रोवायचे ते बाबा दाखवतो म्हणालेत.