व्हॉल्व्हपाशी सडलेली रिम

ट्रॅक्टरच्या चाकाची लोखंडी रिम गंजली तर घासून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा रंग) मारा, झालं काम, असा सल्ला देतात. वरवरचा जंग असेल तर बरोबरच आहे, पण छोट्या ट्रॅक्टरचं मागचं चाक बरेचदा आतून सडते अन् त्याचं मूळ टायरातल्या पाण्यात असते. वजन यावं म्हणून ट्यूबमधे पाणी भरतो ना आपण, ते व्हॉल्व्हच्या बुडाशी झिरपते अन् ट्यूब-रिमच्या मधात अडकून बसते, हवा लागत नाही म्हणून सुकतही नाही. आमच्या वरुडकडे संत्र्याच्या बागेतला एक ट्रॅक्टर, बाहेरून रंग एकदम शाबूत, टायर उतरवलं तर व्हॉल्व्हच्या छिद्राभोवती पत्र्याचे पापुद्रे निघत होते, पेचकस टोचला तर आरपार! तिथं रंग काय करणार? सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करा लागते, छिद्र नव्यानं पाडा लागते, अन् आतून ग्राइंडरनं एकदम गुळगुळीत, नाही तर वेल्डिंगचा बारीकसा दाणाही ट्यूब कापते. टायरचा काठ बसते तिथंच तडा असेल तर मात्र रिम बदलाच.

अन् भाऊ, टायर चढलेलं असताना रिमवर वेल्डिंग कोणालाच करू देऊ नका, हवा सोडली असली तरी नाही. आतलं रबर तापून गॅस होते, दाब वाढते अन् टायर बॉम्बसारखं फुटते, जवळचा माणूस वाचत नाही. फाट्यावरचा वेल्डर म्हणेल दोन मिनिटाचं काम आहे, तरी आधी टायर-ट्यूब पूर्ण उतरवायलाच लावा.