मदत हवी आहे: .३८-५५ विंचेस्टर १८९४ – नळीला लागणारी गोळी चेंबरमध्ये शिरत नाही

मंडळी, नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे जुन्या लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा हलवून काडतूस चढवायच्या) रायफली जमवणारे आणि स्वतः काडतुसं भरणारे आणखी कुणी मराठी असतील तर त्यांची मदत हवीच आहे. पण पुण्या-कोल्हापूरकडे टूलरूममध्ये काम केलेल्यांनीही नक्की वाचा, कारण अडचण शेवटी मापाचीच आहे.

गेल्या हिवाळ्यात एका लिलावात विंचेस्टर १८९४ मिळाली. २६ इंची अष्टकोनी नळी, कॅलिबर (काडतुसाचं माप) .३८-५५. सिरियल नंबर १८९७चा निघतो. १८९८पर्यंत बनलेली हत्यारं इथल्या केंद्रीय कायद्यात अँटिक धरतात. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. तिथून पत्र मागवलं, तर नळी आणि कॅलिबर दोन्ही मूळचंच. वाचून फार आनंद झाला. जॉन ब्राउनिंग या रचनाकाराचं हे मॉडेल सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५ या दोनच कॅलिबरमध्ये मिळायचं. सगळ्यांना माहीत असलेलं .३०-३० आलं १८९५ साली, आणि तेही .३८-५५च्याच केसचं (काडतुसाच्या पितळी पुंगळीचं) तोंड आवळून केलेलं. म्हणून या काडतुसावर माझा विशेष जीव आहे.

आता अडचण. विकत मिळणारी काडतुसं ५० यार्डांवर झाडली तर गोळ्या कागदातून आडव्या जातात. भोकं गोल नाहीत, लांबट आहेत. एका भोकात तर गोळीची अख्खी बाजू उमटली आहे. म्हणजे गोळी आट्यांना (नळीतल्या पिळदार चरांना) धरतच नाही, नुसती घसरत बाहेर पडते.

मग नळीचं माप काढलं. रिकाम्या रायफलच्या नळीला आतून तेल लावलं आणि मऊ शिशाची थोडी मोठी गोळी लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत पलीकडे काढली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर सहा चरांचे ठसे इतके स्वच्छ होते की सव्वाशे वर्षांच्या नळीचं कौतुक वाटलं. चरांत माप आलं ०.३८०५ इंच. विकतच्या काडतुसांतली गोळी ०.३७७ आहे, म्हणजे साडेतीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी. आडवी जाणारच.

मला गोळी हवी ०.३८१. साचा मागवला, गोळ्या ओतल्या, काडतूस भरलं, तर लिव्हर बंद होईना. जोर केला नाही. सेरोसेफ ओतून चेंबरचा (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीचा) ठसा घेतला. (हा मिश्रधातू थंड होताना आधी आकसतो, मग फुगतो, आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. त्याआधी मोजू नका.) तोंडाशी चेंबर ०.३९५ आहे. माझ्या पितळी केसची भिंत ८ थाऊ. दोन्हीकडच्या मिळून १६, अधिक गोळी ०.३८१, म्हणजे ०.३९७. शिरणार कशी? एक थाऊ मोकळीक ठेवायची तर जास्तीत जास्त ०.३७८ची गोळी बसते, आणि ती नळीला अडीच थाऊ लहान पडते.

रेंजवर दोघांनी सल्ला दिला की चेंबर रीमरने (भोक मोठं करायच्या कटरने) मोठं करून घे. ते मी करणार नाही. ज्या रायफलचा कागदोपत्री जन्म माझ्या हातात आहे, तिच्यातलं पोलाद मी काढणार नाही. जे काही बदलायचं ते काडतुसात.

दोन वाटा दिसतात.

पहिली, केसची भिंत बाहेरून तासून साडेसहा थाऊ करायची. मग ०.३८१ची गोळी घालूनही तोंड ०.३९४ राहील. पण ही केस सरळ निमुळती आहे, तिला खांदा नाही. तासकाम जिथे थांबेल तिथे भिंतीत पायरी येणार. दर वेळी तिथेच ताण येऊन केस आडवी तुटेल का? कटर उतरता धरून पायरी विरवून टाकता येईल का? आणि मॅगझिन नळकांड्यासारखं आहे, त्यात काडतुसं एकामागे एक राहतात आणि मागच्यांचा दाब पुढच्या गोळीवर येतो, म्हणून क्रिंप (गोळीभोवती केसचं तोंड आवळणं) घट्ट लागतं. गोळी सपाट नाकाची आहेच. पण इतक्या पातळ तोंडाचं क्रिंप टिकेल का?

दुसरी, गोळी ०.३७८चीच ठेवायची, पण तीस भाग शिसं आणि एक भाग कथील इतकी मऊ, आणि मागे काळी दारू. काळ्या दारूचा धक्का एकदम बसतो, त्याने गोळीचा बुड फुगून चर भरतो. जुने लोक यावरच भिस्त ठेवायचे. पण अडीच थाऊ भरून निघतात का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय?

भर (प्रतिसाद वाचून): धन्यवाद मंडळी. ज्यांनी .३७५ विंचेस्टरच्या केस वापरायला सांगितलं त्यांना नम्रपणे सांगतो, त्या केसची भिंत आणखी जाड असते, त्यामुळे उलटं होईल. आणि ते काडतूस १९७८चं, बऱ्याच जास्त दाबाचं. ते या रायफलच्या जवळपासही ठेवणार नाही. धूरविरहित दारूचे आकडे पाठवलेत तेही बाजूला ठेवतो. .३८-५५ मूळ काळ्या दारूचं काडतूस आहे आणि या नळीला तेवढंच देणार.

केसची लांबी विचारणाऱ्या काकांचा मुद्दा मात्र अगदी बरोबर निघाला. माझ्या केस २.०८ इंची आहेत आणि ठशात चेंबर २.१२५चं दिसतंय. पुढे पंचेचाळीस थाऊचा रिकामा पट्टा राहतो आणि मऊ शिसं तिथे खरवडलं जातं. लांब केस आजच मागवल्या.

त्या येईपर्यंत दहा जुन्या केस तासून ठेवतो. टूलरूमवाल्यांनी फक्त एवढं सांगा: तासण्याआधी तोंड ॲनील करू (तापवून मऊ करू), की नंतर?