जनुकांच्या जाळ्याचा अभ्यास वाणनिर्मितीत नेमका कुठे उपयोगी पडतो?

प्रश्न
उत्पादनासारख्या गुणधर्मामागे अल्प परिणामांची असंख्य जनुके असतात. म्यूविसेन, हेज व गॉडर्ड यांनी २००१ साली मांडलेल्या जीनोमिक निवडीत तर जनुकांचे कार्य ठाऊक नसतानाही मार्करांवरून (डीएनएतील ओळखखुणांवरून) रोपाची पैदासक्षमता वर्तवता येते. मग जनुकांचे परस्परसंबंध, म्हणजेच त्यांचे जाळे, शोधून पैदासकाराच्या हाती अधिक काय पडते? माझ्याकडे पाण्याचा ताण दिलेल्या रोपांच्या एकाच दिवशी घेतलेल्या नमुन्यांची जनुक-अभिव्यक्तीची (कोणते जनुक किती सक्रिय आहे याची) माहिती आहे.

उत्तर १
जीनोमिक निवडीची नेहमीची प्रारूपे प्रत्येक मार्करचा परिणाम सुटा धरून बेरीज करतात. एका जनुकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर ही बेरीज फसू शकते.

टोमॅटोत 'जे२' जनुकातील बदलामुळे देठावरचा सांधा नाहीसा होतो आणि फळ देठाचा तुकडा न घेता सुटते, म्हणून यंत्राने तोडणी करणाऱ्यांना तो हवा असतो. 'ईजे२' मधील बदलाने फळावरची हिरवी निदले लांब होतात. हे दोन्ही बदल एकाच रोपात आले, की फुलोऱ्याला फांद्यांमागून फांद्या फुटतात, फुले उदंड येतात, पण फळधारणा घटते. पैदासकारांनी हा दोष निवडीने दाबला होता. त्याचे जनुकीय कारण २०१७ साली उलगडले. ही दोन्ही एकाच कुळातील नियामक जनुके (इतर जनुकांचे काम नियंत्रित करणारी) असून एकमेकांची उणीव भरून काढतात. हे कळल्यावर बदललेल्या प्रतींची संख्या कमी-जास्त करून बेताच्या फांद्या मिळवणे शक्य झाले. माझ्या मते जाळ्याचा खरा लाभ हाच, की कोणता संकर कोणत्या जनुकीय पार्श्वभूमीत (रोपातील बाकीच्या जनुकांच्या संचात) बिघडेल हे आधी कळते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, मात्र ज्यांची अभिव्यक्ती एकत्र वाढते ती जनुके एकमेकांना चालवतातच असे नाही. भाताचे रोप बुडाले, की शेकडो जनुकांची अभिव्यक्ती एकदम बदलते. तरीही २००६ साली ओळखले गेलेले 'सब१ए' हे एकच नियामक जनुक जिबरेलिन या उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाला मिळणारा प्रतिसाद आवरते, त्यामुळे रोप उंच वाढण्यात साखर न उधळता पाणी ओसरेपर्यंत तग धरते. 'स्वर्णा' या भाताच्या वाणात मार्करांच्या साहाय्याने पुनर्संकर (मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर) करून तेवढाच भाग आणला गेला. चालक कोण आणि अनुयायी कोण, हे एका दिवसाच्या नमुन्यांतून कळणे फार कठीण. आपण ताणाच्या सुरुवातीपासून ठरावीक तासांनी नमुने घ्यावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढील प्रयोगात पहिल्या चोवीस तासांत अनेकदा नमुने घेईन आणि निवडलेली जनुके दोन वेगळ्या पार्श्वभूमींत तपासेन.